गुलाबाचं कुंपण: बी आणि फाटे यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाईजवळच्या आमच्या जमिनीच्या तुकड्याला दोन बाजूंनी गावठी गुलाबाचं कुंपण आहे. दर ऑक्टोबरला त्याची छाटणी होते आणि निघालेले फाटे मागेल त्याला मी देते. फाटे घरी गेले की प्रश्न सुरू होतात. बरेचसे तेच ते असतात, म्हणून उत्तरांसकट इथे मांडले आहेत. सुरुवातीला सोपे, पुढे अडचणीचे. एक उत्तर दुसऱ्याला जोडलेलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. कुंपणाला नेमका कुठला गुलाब लावायचा? नर्सरीत गेलं की गोंधळ उडतो.

तीन गोष्टी बघा. झाड स्वतःच्या मुळांवर जोमाने वाढायला हवं, बुडातून सारखे फुटवे यायला हवेत आणि फारशी औषधं न मारताही अंगावर पानं टिकायला हवीत. आपल्या हवेत या तिन्ही गोष्टी जुन्या गावठी गुलाबांत मिळतात, त्यातही एडवर्ड या जातीत (प्रश्न 3). पाच-सहा फूट उंच, काटेरी आणि दाट होतो. फुलं फुलदाणीत दोन दिवसही टिकत नाहीत, पण वास अख्ख्या अंगणाला पुरतो.

लांब देठाची, एका फांदीला एकच मोठं फूल देणारी झाडं कुंपणाला घेऊ नका. ती सरळसोट वाढतात, खालून उघडी पडतात आणि त्या फटीतून कुत्री ये-जा करतात. गुडघ्याएवढी किनार हवी असेल तर झुपक्यांनी फुलणारे बटण गुलाब चांगले. आधीच तारेचं कुंपण असेल तर त्यावर वेली गुलाब चढवा.

2. बियांपासून करू की फाट्यांपासून?

कुंपण हवं असेल तर फाट्यांपासून. फाट्याचं रोप हुबेहूब मूळ झाडासारखं होतं, सगळी रांग एका उंचीची, एका वाढीची येते आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर कुंपण दिसायला लागतं. बियांची रोपं एकमेकांसारखी नसतात (प्रश्न 14), उगवण बेभरवशाची असते आणि रोपं सांभाळायलाच वर्ष जातं.

तरीही बी लावून बघा, असं मी मनापासून सांगते. जगात कुणाकडेच नाही असा गुलाब तुमच्या कुंडीत उगवतो, आणि तो आनंद फाट्याला नाही. फक्त दोन कामं वेगळी ठेवा: कुंपण फाट्यांचं, कुंडी बियांची.

3. एडवर्ड म्हणजे कोण? इंग्रजांनी आणलेला का?

हे नाव राजाचं नाही. हिंदी महासागरात मॉरिशसजवळ रियुनियन नावाचं फ्रेंच बेट आहे, त्याला पूर्वी बूर्बाँ म्हणत. तिथले शेतकरी शेताला गुलाबाचंच कुंपण घालत. त्यात दोन जाती मिसळून लावलेल्या असत, एक चिनी वंशाचा बारमाही गुलाब आणि दुसरा दमास्क या जुन्या सुवासिक घराण्यातला. 1817 च्या सुमारास अशाच एका कुंपणात दोन्हींहून वेगळं रोप आढळलं. दोघांचा आपोआप संकर होऊन, बी खाली पडून ते उगवलं होतं. तिथे त्याला ‘रोझ एदुआर’ म्हणत. त्याच्या बिया पॅरिसला गेल्या आणि त्यातून बूर्बाँ गुलाबांचं सगळं घराणं उभं राहिलं. एदुआरचा आपल्याकडे एडवर्ड झाला. कुंपणासाठी आणि कलमांचा खुंट म्हणून तो भारतभर पसरला.

म्हणजे आपण ज्याचे फाटे लावतो तो मुळात कुंपणात पडलेल्या एका बीचा गुलाब आहे. फाटे वाटताना मला दरवेळी हे आठवतं.

ओळखायचा कसा? गडद गुलाबी, भरगच्च पाकळ्यांचं मध्यम फूल, गोड वास आणि वर्षातून अनेकदा बहर. पण आपल्याकडे ‘गावठी गुलाब’ या एकाच नावाखाली दोन-चार जाती फिरतात. नावापेक्षा झाड बघा. आसपास कुणाच्या परसात वीस वर्षांचा गुलाब काही न करता फुलत असेल, तर फाटे त्याचेच मागा.

4. नर्सरीतून चाळीस कलमी रोपं आणून रांगेत लावली तर काम लवकर होईल ना?

सुरुवातीला होईल. कलमी रोपात खाली जंगली खुंट असतो आणि त्यावर हव्या त्या जातीचा डोळा भरलेला असतो. कुंपणात माणूस प्रत्येक बुडाकडे लक्ष देऊ शकत नाही. खुंटातून फुटवा येतो, तो वरच्या जातीपेक्षा जोमदार असतो, आणि तीन-चार वर्षांत गुलाब मरून फक्त खुंट उरतो. माझ्या एका मैत्रिणीने पिवळ्या गुलाबाची रांग लावली होती. आता तिच्याकडे बारीक पांढऱ्या फुलांचं काटेरी रान आहे.

सात पानांची फांदी जंगली आणि पाच पानांची चांगली, असं सर्रास सांगतात. ते धरून चालू नका, चांगल्या गुलाबांनाही सात पर्णिका (एका पानातली छोटी पानं) येतात. बुडाची माती बाजूला करून फुटवा डोळा भरलेल्या गाठीच्या खालून आलाय की वरून, तेवढं बघा. खालचा असेल तर कात्रीने न कापता खाली ओढून मुळापासून उपटा, कारण कापलेला फुटवा पुन्हा येतो.

फाट्यापासून केलेल्या झाडाला ही भानगडच नाही. वर जी जात तीच खाली. जनावराने मोडलं, कुणी बुडातून तोडलं, तरी जमिनीतून वर येतो तो तुमचाच गुलाब असतो. स्वतःच्या मुळांवरचं झाड हवं, असा माझा आग्रह आहे तो एवढ्यासाठी.

5. फाटे कधी लावायचे? कुणी पावसाळा सांगतं, कुणी थंडी.

घाटमाथ्याच्या पूर्वेला ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत. पाऊस थांबलेला असतो, ऊन मऊ होत जातं आणि छाटणीमुळे फाटे आयते मिळतात. पावसाळ्यात फाटे फुटतात लवकर, पण सडतातही तेवढेच. वर आडोसा नसेल तर जुलैच्या झडीत निम्मे जातात. मार्च ते मे लावूच नका (अगदीच नाइलाज असेल तर प्रश्न 20).

6. कोणती फांदी घ्यायची? माझे फाटे दरवेळी काळे पडतात.

काळे पडण्याचं पहिलं कारण म्हणजे फांदी कोवळी असणं. फूल नुकतंच गळून गेलेली, पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी निवडा आणि तिच्यावरचा एक काटा अंगठ्याने आडवा दाबा. तो टक्कन तुटून खाली हिरवी-पांढरी स्वच्छ खूण राहिली, तर फांदी तयार आहे. काटा वाकला किंवा सालीसकट सोलला तर अजून कोवळी आहे. करड्या सालीची, जून लाकूड झालेली बुडाची फांदीही नको, तिला मुळ्या फार उशिरा येतात.

दुसरं कारण कात्री. बोथट कात्रीने फांदी चेचली जाते आणि चेचलेल्या टोकातून सड सुरू होते. धार लावा, स्पिरिटने पुसा आणि मगच कापा.

7. फाटा लावायची पद्धत सविस्तर सांगाल का?

फांदी सकाळी कापा आणि लगेच पाण्यात उभी करा. वीतभर लांबीचे, म्हणजे 20 सेंटिमीटरचे, चार-पाच डोळ्यांचे तुकडे पाडा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरपा. वरचा काप डोळ्याच्या सेंटिमीटरभर वर, सरळ. यामुळे वर-खाली ओळखताही येतं. उलटा लावलेला फाटा जगत नाही आणि घाईत ही चूक होते. खालची सगळी पानं काढा, वरचं एखादं पान ठेवा.

फाटे रोपांच्या पिशव्यांत लावायचे. भरणासाठी निम्मी जाड वाळू आणि निम्मं धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). शेणखत अजिबात नको. मुळ्या नसलेल्या फाट्याला खताचा उपयोग नाही आणि ओल्या खतात बुरशी वाढते. आधी काडीने भोक पाडा, मग फाटा ठेवा. तसाच खुपसला तर खालची साल खरवडते. दोन डोळे भरणात, दोन-तीन वर. बाजूने बोटांनी घट्ट दाबा, कारण आत पोकळी राहिली तर तिथे मुळी येत नाही.

पिशव्या झाडाच्या सावलीत किंवा शेडनेटखाली ठेवा. भरण पिळलेल्या फडक्याइतकं ओलं हवं, पाणी साचायला नको. सुरुवातीचे पंधरा दिवस वरून पारदर्शक प्लॅस्टिकचं झाकण घातलं तर पान सुकत नाही. रोज सकाळी ते दहा मिनिटं उघडायचं.

दोन-तीन आठवड्यांत खालच्या कापावर पांढरट गाठ धरते. ती मुळी नव्हे, मुळीची तयारी आहे. खऱ्या मुळ्यांना चार ते सहा आठवडे लागतात, थंडी जास्त असेल तर आठ.

8. रूटिंग पावडर लागतेच का? बटाट्यात फांदी खोचायचा व्हिडिओ पाहिला, तो खरा आहे का?

गावठी गुलाबाला पावडर लागत नाही, पण लावली तर मुळ्या लवकर आणि जास्त येतात. पावडरीत मुख्य घटक आय.बी.ए. असतो, म्हणजे मुळ्या फुटायला मदत करणारं संप्रेरक. गुलाबाच्या अर्धपक्व फाट्याला 1,000 पीपीएमच्या आसपासची पावडर पुरे. ओलं टोक पावडरीत टेकवा आणि जास्तीची झटकून टाका. थर जाड झाला तर उलट टोक जळतं. पुडी उघडल्यावर ओलीपासून दूर, थंड जागी ठेवा. जुनी पावडर निकामी होते.

बटाट्याचा प्रयोग करू नका. बटाटा मातीत कुजतो, त्याला मुंग्या आणि बुरशी लागते आणि फांदी त्याच्यासकट सडते. बटाट्यात ओल असते हे खरं, पण ओल तर वाळूतही असते. कोरफडीचा गर, दालचिनी, मध यांनी फाट्याचं नुकसान होत नाही, पण मुळ्या त्यांच्या जोरावर येत नाहीत. फांदी योग्य आणि भरण मोकळं असेल तर यातल्या कशाचीच गरज पडत नाही.

9. ताई, सगळ्या फाट्यांना छान पानं आली होती, मग अचानक वाळले. कीड लागली का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि माझ्या पहिल्या वर्षी मलाही हाच पडला होता. साठ फाटे लावले होते. डिसेंबरअखेरीस जवळजवळ प्रत्येकावर तांबूस, चकचकीत कोवळी पानं. येईल त्याला मी नेऊन दाखवत होते. मार्चमध्ये पिशव्या उन्हात सरकवल्या आणि दोन दिवसांत चाळीसेक फाट्यांनी माना टाकल्या. त्यातला एक उपटला तर सहज वर आला. खालचं टोक काळं, साल बोटाने सरकत होती आणि मुळी एकही नाही.

पानं म्हणजे मुळ्या नव्हेत. फांदीत साठवलेलं अन्न असतं, त्यावर डोळा आपोआप फुटतो. कापून ठेवलेल्या फांदीलाही फुटतो. ती पुंजी संपेपर्यंत मुळ्या आल्या तर फाटा जगतो, नाहीतर पहिल्या कडक उन्हात जातो. कीड नाही, रोग नाही.

मग मुळ्या आल्या हे ओळखायचं कसं? सहा आठवड्यांनी फाटा दोन बोटांत धरून अगदी हलकेच वर ओढा. आतून धरून ठेवल्यासारखा अडकला तर मुळ्या आहेत. दुसरी खूण पानांची: पहिली तांबूस पानं मोठी होऊन गडद हिरवी झाली आणि शेंड्याला पुन्हा नवी पालवी आली, की समजा मुळ्या कामाला लागल्या. नवशिक्यांनी निदान चार-पाच फाटे पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेल्यात, बुडाला भोकं पाडून लावावेत. बाहेरून काळा कागद गुंडाळा आणि आठवड्यातून एकदा काढून बघा. पेल्याच्या कडेने पांढरी मुळी उतरताना दिसली की इतर पिशव्यांत काय चाललंय याचाही अंदाज येतो.

आणि घाई करू नका. नोव्हेंबरचा फाटा फेब्रुवारीत मातीच्या पिशवीत हलवायचा, उन्हाळा शेडनेटखाली काढायचा आणि चांगला पाऊस झाल्यावर, जून-जुलैत, जमिनीत लावायचा.

10. माझ्या गुलाबाला फळच लागत नाही. बी आणू कुठून?

गुलाबाला फळ लागतं हेच आपल्याकडे अनेकांना माहीत नसतं, कारण आपण फूल सुकलं की खुडतो. खुडू नका, एवढं तरी करा. तरीही फळ धरलं नाही तर कारणं दोन. भरगच्च फुलांत पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे पराग कमी असतो आणि मधमाशीला आत शिरायला वाट नसते. शिवाय काही जातींत गुणसूत्रांचे संच तीन असतात. अशा जाती बहुतेक वांझच.

पाच ते पंधरा पाकळ्यांचे, मधला पिवळा भाग उघडा दिसणारे गुलाब निवडा. डिसेंबर-जानेवारीत एका झाडाच्या फुलातले पराग मऊ कुंचल्याने दुसऱ्या जातीच्या नुकत्या उमललेल्या फुलाच्या मधोमध लावा. फळ धरलं तर देठाजवळचा भाग फुगत जातो आणि तीन-चार महिन्यांत नारिंगी किंवा लाल होतो.

11. फळ मिळालं. आता बी कधी, कसं पेरू?

फळ रंगलं की काढा, झाडावर वाळून सुरकुतू देऊ नका. आडवं चिरा आणि बिया चमच्याच्या टोकाने काढा. आत बारीक केस असतात, ते खाजकुयलीसारखे त्रास देतात, म्हणून हातमोजे घाला. मुलांना हे काम देऊ नका. बिया चाळणीत चोळून गर पूर्ण धुवा, कारण गरात उगवण रोखणारी द्रव्यं असतात.

गुलाबाच्या बीला थंडीचा काळ सोसल्याशिवाय जाग येत नाही. थंड मुलखात हिवाळा हे काम करतो, आपल्याकडे फ्रिज. एप्रिल-मेमध्ये निघालेलं बी सावलीत सुकवून कागदात गुंडाळा आणि डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. ऑगस्टच्या शेवटी ते ओलसर कोकोपीटमध्ये मिसळून झिपच्या पिशवीत भरा आणि पुन्हा फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, फ्रीजरमध्ये नाही. नऊ-दहा आठवडे गेले की नोव्हेंबरच्या सुरुवातीला सेंटिमीटरभर खोल पेरा. बाहेर 15 ते 20 अंशांचा गारवा असतो, तो उगवणीला मानवतो.

12. फ्रिजमध्ये ठेवूनही बी उगवलं नाही. काही उगवली ती आडवी पडली.

कुंडी फेकू नका. एकाच फळातलं एक बी तीन आठवड्यांत येतं आणि दुसरं तीन महिन्यांनी. माझ्याकडे शंभरातली वीस-पंचवीस उगवली तर मी ते वर्ष चांगलं मानते. युरोपातल्या डॉग रोझसारख्या काही रानजातींना आधी ऊब आणि मग थंडी लागते, त्यांची बी दुसऱ्या हिवाळ्यानंतरही उगवते.

आडवी पडलेली रोपं मात्र बुरशीने गेली. देठ मातीलगत दोऱ्यासारखा बारीक होतो आणि रोप कोसळतं. पेरायला नवं, स्वच्छ भरण घ्या, वर जाड वाळूचा पातळ थर द्या, पाणी खालच्या ताटलीतून द्या आणि वारा खेळू द्या. कोसळलेलं रोप वाचत नाही, आजूबाजूची वाचवा.

13. ऑनलाइन निळ्या आणि इंद्रधनुषी गुलाबाच्या बिया मिळतात. घेऊ का?

नाही. गुलाबात निळं रंगद्रव्य मुळातच नसतं. जपानमध्ये जनुकं घालून केलेला गुलाब 2009 मध्ये बाजारात आला, तोही जांभळटच. इंद्रधनुषी फूल म्हणजे देठ उभा चिरून प्रत्येक भाग वेगळ्या रंगाच्या पाण्यात ठेवलेलं पांढरं फूल. त्याचं बी असूच शकत नाही.

14. बियांचं रोप आईसारखं निघेल का?

बागेतल्या गुलाबांचं निघत नाही. पिढ्यान्‌पिढ्या संकर होत आलेले असल्यामुळे एका फळातल्या दहा बिया दहा तऱ्हेच्या होतात. आई बारमाही फुलणारी असेल तर रोपाला उगवल्यापासून सहा-आठ आठवड्यांतच करंगळीच्या नखाएवढं पहिलं फूल येऊ शकतं. त्यावरून झाडाची परीक्षा करू नका, खरं रूप दुसऱ्या वर्षी कळतं. वर्षातून एकदाच फुलणाऱ्या जातींचं रोप पहिल्या फुलाला दोन-तीन वर्षं घेतं.

अपवाद युरोपातल्या डॉग रोझचा. त्याच्या 35 गुणसूत्रांपैकी 28 आईकडून येतात आणि फक्त 7 बापाकडून, त्यामुळे रोपं बरीचशी आईवर जातात. तिकडे हा गुलाब बियांपासूनही बऱ्यापैकी एकसारखा येतो, तो यामुळे.

बियांच्या रोपांतलं एखादं कुंपणाच्या गुणाचं वाटलं (प्रश्न 1), तर त्याचे फाटे काढा आणि रांग वाढवा.

15. अंतर किती? दहा मीटरला किती रोपं लागतील?

गावठी गुलाबाला दोन फूट, म्हणजे 60 सेंटिमीटर. दहा मीटरला 17 रोपं. नवख्या हाताचे निम्मे फाटे जातात असं धरा, वर थोडे बदलीला ठेवा आणि 40 फाटे लावा. खड्ड्यांऐवजी सलग चर काढा, दीड फूट रुंद आणि तेवढाच खोल. माती, पूर्ण कुजलेलं शेणखत आणि चार-पाच मूठ निंबोळी पेंड दर मीटरला मिसळून चर भरा. अर्धवट कुजलेलं खत घातलं तर त्यासोबत हुमणी ही अळी येते आणि आतून मुळ्या खाते.

शेजाऱ्याच्या हद्दीपासून चर निदान अडीच-तीन फूट आत घ्या. झाड पसरणार आहे आणि काटे त्यांच्या वाटेवर जाणार आहेत. आधी बोलून घेतलेलं बरं.

16. काटे आहेत म्हणजे शेळ्या-गुरं अडतील ना?

माणूस, कुत्रा, गाय अडते. शेळी अडत नाही. तिला गुलाबाचा कोवळा पाला फार आवडतो आणि ती काटे चुकवून ओठांनी शेंडे खुडते. पहिली दोन वर्षं बाहेरच्या बाजूने बाभळीच्या किंवा बोरीच्या शिऱ्या रोवाव्याच लागतात. गुलाब छातीएवढा झाला की शेळीने वरवर खाल्लं तरी फरक पडत नाही, उलट फुटवे वाढतात.

17. कुंपण वरून दाट आणि खालून पोकळ झालं. काय करू?

पहिल्या वर्षी छाटणी झाली नाही म्हणून असं होतं. रोप जमिनीत लागून जोर धरला की ऑक्टोबरमध्ये ते फूटभरावर कापायचं. जीव होत नाही, मला ठाऊक आहे. पण तेव्हाच बुडातून चार-पाच फांद्या फुटतात आणि खालचा भाग भरतो. दुसऱ्या वर्षी अडीच फुटांवर, तिसऱ्यापासून हव्या त्या उंचीवर. आकार खाली रुंद आणि वर निमुळता ठेवा, म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळतं.

आत्ताच पोकळ असेल तर दरवर्षी एक तृतीयांश जुन्या फांद्या जमिनीलगत काढा. बाजूची लांब फांदी आडवी वाकवून बांधली तर तिच्या प्रत्येक डोळ्यातून धुमारा निघतो, मोठी फट त्याने भरते.

18. आमच्याकडे काळी माती आहे / आम्ही कोकणात राहतो / आमच्याकडे ऊन 45 अंशांवर जातं. जमेल का?

काळ्या मातीत जमेल, पण चर काढून सपाट लावू नका. पाणी धरून ठेवणाऱ्या मातीत मुळ्या गुदमरतात, म्हणून फूटभर उंच वरंब्यावर लावा. चुनखडी असेल तर पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. त्याला लोह कमी पडतंय. फेरस सल्फेट आणि भरपूर सेंद्रिय खत द्या.

विदर्भ-मराठवाड्यात पहिल्या दोन उन्हाळ्यांत उसाच्या पाचटाचं चार बोटं जाड आच्छादन आणि पश्चिमेकडून आडोसा.

कोकणात आणि गोव्यात मी कुंपणाचा एकमेव पर्याय म्हणून गुलाब सुचवत नाही. चार महिने पानं ओली राहतात. उतारावर, उघड्यावर, वाऱ्याला लावा आणि मध्ये जास्वंद घाला. तिकडे फाटे नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच. आपल्या देशातली मूळची एक रानजात, रोझा क्लिनोफिला, पाणथळ जागीही वाढते. कोडाईकनालचे गुलाब-संकरक वीरराघवन यांनी उष्ण हवेचे गुलाब घडवताना ती वापरली आहे. तिच्या संकरातले गुलाब मिळाले तर किनारपट्टीवर लावून बघण्यासारखे आहेत.

19. पानांवर काळे डाग पडून गळतात, शेंडे वाळत खाली येतात. एकच रोग आहे का?

दोन वेगळे. काळे डाग बुरशीचे. पान सलग सहा-सात तास ओलं राहिलं तर ती रुजते, म्हणून संध्याकाळी पाइपने पानांवर पाणी मारणं बंद करा. गळलेली पानं गोळा करून जाळा किंवा लांब पुरा, तिथेच कुजू देऊ नका. गावठी गुलाब पावसात पानं टाकतो आणि ऑक्टोबरनंतर भरून येतो.

शेंड्याकडून वाळणं म्हणजे मर. काळ्या भागाच्या दोन इंच खाली, आतलं लाकूड पांढरं-हिरवं दिसेल तिथपर्यंत कापा, वर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा आणि दर कापानंतर कात्री पुसा.

ज्या कुंपणावर औषध मारलंय त्याच्या पाकळ्या गुलकंदाला घेऊ नका. आमच्याकडे म्हणूनच एका बाजूच्या कुंपणावर काहीच फवारत नाही.

20. आजोळचं घर विकलं, पंधरा दिवसांत पाडणार आहेत. अंगणात आजीच्या हातचा गुलाब आहे आणि आता मे महिना. वाचेल का?

वाचू शकतो. एकाच उपायावर विसंबू नका, सगळे एकदम करा.

फाटे काढा, जमतील तेवढे. ओल्या फडक्यात, वरून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून न्या आणि घरात, उत्तरेच्या उजेडाच्या खिडकीत झाकणाखाली लावा (प्रश्न 7). मे महिन्यात शंभरातले दहा लागले तरी जात वाचली. दोन-तीन फांद्या ओळखीच्या नर्सरीवाल्याला द्या आणि खुंटावर डोळे भरून मागा. पुढे त्याच कलमाचे फाटे काढून ते स्वतःच्या मुळांवर आणता येतात. दाब कलम, म्हणजे झाडावरचीच फांदी वाकवून मातीत दाबून तिला मुळ्या आणणं, सगळ्यात खात्रीचं, पण त्याला सहा-आठ आठवडे लागतात. घराच्या नव्या मालकाला विचारून बघा, अनेकदा लोक थांबतात.

आणि झाडही उचला. आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या. फांद्या फूटभर ठेवून छाटा, त्यांचेच फाटे होतील. सूर्य मावळल्यावर बुंध्याभोवती दीड फूट अंतरावर गोल खणा, मातीचा गड्डा न फुटता ओल्या गोणपाटात बांधा आणि रातोरात हलवा. मोठ्या कुंडीत लावून पूर्ण सावलीत ठेवा. खत नको, नुसती ओल ठेवा. महिनाभर काहीच दिसलं नाही तरी आशा सोडू नका. दर आठवड्याला बुंध्याची साल नखाने जराशी खरवडून बघा, आत हिरवं दिसतंय तोवर पाणी चालू ठेवा.